आइंडहोवनची उसनी भांडी

नेदरलँडला जाऊन आले म्हटलं की नाशिकमध्ये जो तो ट्यूलिपचं विचारतो. ट्यूलिप मी पाहिले नाहीत. ते फुलतात वसंतात आणि मी गेले सप्टेंबरात. पवनचक्की आगगाडीच्या खिडकीतून एकदाच दिसली, आणि पर्समधून कॅमेरा काढेपर्यंत मागे पडली. मग पाहिलं तरी काय, असं आमच्या भिशीतल्या बायकांनी जरा खोचकपणेच विचारलं. मी म्हटलं, लोकांची भांडी पाहिली. त्यांना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं आहे.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी पहिलं काम केलं ते पासपोर्टचं. माझी मुलगी रमा आइंडहोवनला डिझाइन शिकते. यांचे गुडघे विमानात बसायला तयार नव्हते, म्हणून मी एकटीच निघाले. डिझाइन म्हणजे खुर्च्या आणि दिवे असं मी धरून चालले होते. रमाने विमानतळावरच माझा भ्रम दूर केला.

"आई, मी सध्या शिळ्या पावावर काम करतेय."

"त्यासाठी एवढं कर्ज काढून परदेशी कशाला यायला हवं? आपल्याकडे काय शिळं कमी आहे?" मी म्हटलं. ती हसली आणि माझी बॅग ओढत पुढे चालू लागली.

बंद दारांची गॅलरी

रमाचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाहेरून बघावं तर थेट चाळ. लांबच लांब गॅलरी आणि तिच्यावर ओळीने उघडणारी घरं. फरक एवढाच की एकही दार उघडं नाही. खिडक्यांना मात्र पडदे नाहीत, त्यामुळे येता-जाता लोकांचे सोफे, कुंड्या आणि मांजरं आरामात पाहता येतात. आपल्याकडे दार उघडं असतं पण खिडकीला पडदा हवा. यांचं नेमकं उलट.

दुसऱ्याच दिवशी रमा कॉलेजला गेल्यावर मी हवा कशी आहे ते पाहायला गॅलरीत आले आणि मागे दार धाडकन लागलं. हे दार ओढलं की आपोआप कुलूपबंद होतं, असं रमाने तीनदा सांगितलं होतं. अंगावर घरातलं पातळ, पायात सपाता, आणि वारा असा की दात वाजायला लागले. शेवटी लाज गुंडाळून ठेवून शेजारची घंटा वाजवली.

दार उघडलं ते एका उंच, वाळक्या, सत्तरीच्या गृहस्थांनी. नाव हेंक. दिव्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. रमा त्यांना नुसतं हेंक म्हणते. मला काही ते जमेना, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचे हेंकराव केले. त्यांनी मला आत घेतलं, हीटरजवळ बसवलं, रमाला फोन लावला आणि कॉफी केली. मग कपाटातून बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडून माझ्यापुढे धरला. मी एक बिस्किट घेतलं. त्यांनी एक घेतलं. आणि झाकण लावून डबा परत कपाटात ठेवला!

मी पाहतच राहिले. बिस्किट तर मस्त होतं, लोणी आणि दालचिनीचं. दुसरं मागायची माझी छाती झाली नाही. आमच्याकडे पाहुण्यासमोर डब्याचं झाकण लावलं असतं, तर माझ्या सासूबाईंनी मला माहेरी पाठवलं असतं. हेंकरावांच्या भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो होता. ती जाऊन चार वर्षं झाली, असं त्यांनी सांगितलं. ओट्यावर पाव, चीज आणि कॉफीचं यंत्र सोडलं तर काही नव्हतं. वर फळीवर मोठमोठी पातेली उपडी घातलेली होती आणि त्यांच्यावर धूळ बसलेली होती.

शाळेचं स्वयंपाकघर

रमाच्या गल्लीच्या टोकाला एक बंद पडलेली प्राथमिक शाळा आहे. तिचा एक वर्ग आणि त्याला लागून असलेलं स्वयंपाकघर वस्तीतल्या लोकांनी सुरू केलेल्या एका सहकारी संस्थेला नगरपालिकेने, म्हणजे तिथल्या खेमेन्तेने, तात्पुरतं वापरायला दिलं होतं. सहकार म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर साखर कारखाना, पांढरी गाडी आणि हार घातलेला चेअरमन उभा राहतो. इथल्या चेअरमन म्हणजे यानेकेबाई, साठी उलटलेल्या, गुडघ्यापर्यंत बूट घालून स्वतः फरशी पुसत होत्या. याच शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं. शाळा बंद झाली तेव्हा त्यांनीच चार घरं फिरून ही संस्था काढली.

काम साधं होतं. आठवडी बाजार उठताना भाजीवाल्यांकडे उरलेलं आणि बेकरीत न खपलेलं सगळं गोळा करायचं, त्याचं जेवण करायचं आणि वस्तीत वाटायचं. रमा आणि तिचा वर्गमित्र बार्ट यांचा प्रकल्प हाच होता: हे अन्न लोकांपर्यंत कसं पोचवायचं. मी गेले त्या दिवशी टेबलावर लालभडक भोपळे, हाताएवढ्या जाड कांद्याच्या पाती, डाग पडलेली केळी आणि कालच्या पावांचा डोंगर होता. एकही वस्तू टाकून देण्यासारखी नव्हती. मला अगदी हळहळ वाटली.

दुपारी सगळे सूप प्यायला बसले. भोपळ्याच्या सुपाचा असा काही वास सुटला होता की माझ्या पोटात कावळे ओरडत होते. यानेकेबाईंनी पळी माझ्या वाडग्यावर धरून विचारलं, "घेणार?"

मी सवयीने म्हटलं, "नको, नको."

पळी पुढे गेली. शेजारच्या बार्टला वाढलं, मग रमाला, मग टेबलाच्या त्या टोकाला. मी वाट पाहिली. कोणीतरी पुन्हा विचारील, निदान "थोडं तरी घ्या" म्हणेल. पातेलं रिकामं झालं. मी कोरडा पाव चावत बसले आणि रमा वाडग्यात तोंड घालून हसत होती.

"आई, इथे नको म्हणजे नको असतं."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

जेवणं झाल्यावर यानेकेबाईंनी खरी अडचण सांगितली. त्यांचं इंग्रजी सावकाश होतं, त्यामुळे मला सगळं कळलं. खेमेन्तेने जागा महिनाअखेरपर्यंतच दिली होती. शेवटच्या बुधवारी त्यांच्याकडच्या एक बाई पाहणीला यायच्या होत्या. वस्तीतले लोक इथे खरंच येतात असं दिसलं तर जागा पुढे मिळणार. नाही दिसलं तर ती व्यायामशाळेला जाणार.

"मग येतात का लोक?" मी विचारलं.

यानेकेबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "याच वर्गात मी त्यांच्या मुलांना अक्षरं शिकवली," त्या म्हणाल्या. "मुलांना सोडायला सगळे यायचे. आता कोणीच येत नाही."

मी उठून भांडी घासायला लागले. भांडी तरी कुठली, मोठी अशी दोनच पातेली होती, त्यामुळे एक पदार्थ उतरल्याशिवाय दुसरा चढत नव्हता. शंभर माणसांना पुरेल एवढी भाजी आणि दोन पातेली! मी रमाजवळ याबद्दल भरपूर कुरकुर केली.

दारोदार

लोक येत नाहीत, तर आपण जायचं, असं रमा आणि बार्टने ठरवलं होतं. त्यांनी पुठ्ठ्याची नारिंगी खोकी तयार केली होती. काय सुरेख खोकी! एका घडीत उघडायची, दुसऱ्या घडीत बंद व्हायची, आतला पदार्थ सांडायचा नाही. त्यांत गरम जेवण भरून आम्ही तिघं निघालो. खोकं पुढे करून बार्ट डचमध्ये सांगायचा की हे बाजारात उरलेल्या भाजीचं जेवण आहे, फुकट आहे, घ्या. समोरचा काय म्हणाला ते रमा मला हळूच मराठीत सांगायची.

लोक इतके गोड नकार देत होते की राग येण्याचीही सोय नव्हती. एका आजींनी सांगितलं की माझ्यापेक्षा गरजू कुणाला तरी द्या. पुढच्या घरातल्या माणसानेही तेच सांगितलं, आणि त्याच्या पुढच्यानेही. सगळ्या वस्तीत जो तो आपल्यापेक्षा गरजू माणसाकडे बोट दाखवत होता आणि तो माणूस काही सापडत नव्हता. एमिने नावाच्या तुर्की बाईने तर छातीवर हात ठेवून, मान लववून, नको म्हटलं. दाराच्या फटीतून तिच्या स्वयंपाकघरात रटरट शिजणाऱ्या कशाचा तरी वास येत होता.

परत आल्यावर बार्ट खोकं उलटसुलट करून पाहू लागला. "रंग चुकला का? हिरवा करून बघू या."

"रंगाचं काय घेऊन बसलास बाबा," मी म्हटलं. "आमच्याकडे शिळं घरची माणसं खातात. फोडणीची पोळी, फोडणीचा भात, सगळं चाटूनपुसून खातात. पण तेच कुणी दारात आणून, हे उरलंय, घ्या, असं म्हणालं तर मी तोंडावर दार लावीन. त्या एमिनेने निदान मान तरी लववली."

मी बोलून गेले खरी, पण उपाय काय ते मलाही ठाऊक नव्हतं. रमाचा चेहरा पडला. बुधवार आठवड्यावर आला होता. पोरीने उन्हाळाभर त्या स्वयंपाकघरासाठी घाम गाळला होता, आणि आता उरलेलं सगळं जेवण आम्हीच दोन दिवस खाणार, असं दिसत होतं.

त्यातलाच पाव घरी आणून दुसऱ्या दिवशी मी फोडणीचा पाव केला. स्वयंपाकात मी यथातथाच आहे, हे घरात सगळ्यांना मान्य आहे. पण फोडणीची पोळी मला बिघडवता येत नाही, आणि तोच नियम मी डच पावाला लावला. पाव कुस्करला, कांदा, मोहरी, हळद, जरा साखर, वर लिंबू. मनात हेंकरावांचे उपकार होतेच. म्हणून अर्धा पाव मी लोखंडी कढईतच ठेवला, वर ताट झाकलं आणि गरमागरम त्यांच्याकडे दिला. ही कढई मूळची माझी. रमा इकडे आली तेव्हा हट्टाने घेऊन आली. तिचा एक कान फार वर्षं ढिला आहे. यांनी त्याला तार गुंडाळली होती आणि आम्ही तसंच चालवत होतो.

पाव कालचा आहे हे मी हेंकरावांना सांगितलं नाही.

दोन दिवसांनी कढई परत आली. हेंकरावांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दारात उभं राहून, "छान होतं, धन्यवाद" म्हणून माझ्या हातात दिली आणि गेले. मी पिशवीत डोकावले. घासूनपुसून लख्ख केलेली कढई. आणि रिकामी!

आता हे वाचणाऱ्याला सांगायला नको की शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसेल तर चमचाभर साखर घालतात. घरात साखरही नसली तर चार कढीपत्त्याची पानं टाकतात. मला त्या माणसाकडून मेजवानी नको होती. पण निळ्या डब्यातलं एक बिस्किट तरी? मी पिशवीसकट कढई कपाटाच्या तळाशी ढकलली आणि संध्याकाळभर फुरंगटून बसले.

"आई, त्यांनी ती घासून दिली ना? इथे तोच मान असतो," रमा म्हणाली.

"मान त्यांच्याजवळच राहू दे," मी म्हटलं.

फेल्डहोवनचा रविवार

रविवारी आम्ही जवळच्याच फेल्डहोवन गावी सुलेखाकडे गेलो. सुलेखा माझी भाची. तिचा नवरा मकरंद तिथल्या चिपच्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनियर आहे. सायकलींसाठी बांधलेले रस्ते इतके गुळगुळीत आहेत की आपल्याकडे मंत्री येणार असले तरी एवढे होत नाहीत. त्या रस्त्यांवरून लहान लहान मुलं वाऱ्यासारखी चाललेली होती. सुलेखाचा सात वर्षांचा ओम मराठी सगळं समजतो, पण उत्तर देतो डचमध्ये. मी "काय रे, शाळा कशी आहे?" विचारलं, त्याने काहीतरी भराभरा सांगितलं, आणि आमचं दोघांचंही समाधान झालं.

त्या घरात मी चार वेळा नको म्हटलं आणि पाच वेळा वाढून घेतलं. वरण-भात, बटाट्याची भाजी, श्रीखंड. जिवात जीव आला. मी हेंकरावांची तक्रार सांगितली तेव्हा सुलेखा म्हणाली, "मावशी, माझ्या शेजारणीने माझा डबा परत दिला तेव्हा मीही आत हात घालून पाहिला होता! आता सवय झाली."

निघताना तिने मला डबाभर चिवडा दिला. "डबा रमाबरोबर पाठव सावकाश," ती म्हणाली.

"पाठवते. पण रिकामा नाही हं पाठवणार," मी म्हटलं. हे वाक्य आपल्या तोंडून श्वासासारखं बाहेर पडतं.

परतीच्या बसमध्ये रमा तो डबा मांडीवर घेऊन बसली होती. एकदा झाकण उघडायची, एकदा लावायची. चिवडा खायचा असेल असं वाटलं, म्हणून मी म्हटलं, "खा की."

"आई, आमचं खोकं परत येऊच शकत नाही," ती म्हणाली.

"पुठ्ठ्याचं आहे, परत घेऊन काय करणार?"

"तेच ना! घेणारा फक्त घेतो. त्याच्याकडे परत करायला काही उरतच नाही. पण आपण आधी त्याच्याकडूनच काही घेतलं तर? आपल्याकडे दोन पातेली आहेत, तू रोज ओरडतेस. आपण वस्तीत भांडी मागू. उसनी."

बस थांब्यावर थांबली, माणसं उतरली, चढली.

"आणि उसनं भांडं," रमा म्हणाली, "परत कसं करतात?"

मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की मी चिवड्याचा डबा तिच्या हातातून काढून घेतला आणि मूठभर चिवडा तिच्या हातावर ठेवला. दुसरं काही सुचलंच नाही.

भांड्यांचा बुधवार

सोमवारी आम्ही पुन्हा त्याच दारांवर गेलो. या वेळी हात रिकामे होते. बार्ट सांगायचा, "बुधवारी शाळेत मोठा स्वयंपाक आहे आणि आमच्याकडे पातेली नाहीत. तुमचं एखादं मोठं भांडं मिळेल का? संध्याकाळी सहाला शाळेतून घेऊन जा." जेवणाचा शब्द नाही.

गरजू माणसाकडे बोट दाखवणाऱ्या आजी आत गेल्या आणि नवऱ्याच्या मदतीने माळ्यावरून एक भलंमोठं निळं पातेलं काढून आल्या. ते देताना त्यांना इतका आनंद झाला होता की त्यांनी त्याचा सगळा इतिहास सांगितला. एमिनेने दार पूर्ण उघडलं. तिने तीन पातेली काढली, तिन्ही ठोकून पाहिली आणि त्यातलं सगळ्यात चांगलं दिलं. मग बार्टला बजावलं, "याला तारेच्या चोथ्याने घासायचं नाही."

कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून बार्टने आपली नारिंगी खोकी कापून त्यांच्या चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर भांड्याचं छोटंसं चित्र आणि मालकाचं नाव. खोकी कापताना त्याला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण तो शीळ घालत होता.

हेंकरावांचं दार मात्र मी ठरवून टाळलं.

बुधवारी सकाळी स्वयंपाकघरात भांड्यांची रांग लागली. यानेकेबाई गाजर, कांदा आणि बटाटा एकत्र उकडून चेचत होत्या. त्याला हुट्सपॉट म्हणतात. दिसायला बाळाच्या जेवणासारखं, चवीला उत्तम. दहा वाजता एमिने दारात उभी राहिली. आपल्या पातेल्याचं काय चाललंय ते पाहायला आले, म्हणाली. बार्ट त्यात कांद्याची पात घालणार होता. तिने त्याच्या हातातून सुरी काढून घेतली, कोट खुंटीला अडकवला आणि पात, तांदूळ, लिंबू असं काहीतरी शिजवायला लागली. ती मग गेलीच नाही.

माझ्याकडे पावांचा डोंगर होता. कढईशिवाय माझं पान हलेना, म्हणून मी घरी जाऊन कपाटाच्या तळातून ती पिशवी ओढून आणली. फोडणी झाली, पाव परतला. कढई काठोकाठ भरली. मी नेहमीप्रमाणे ढिल्या कानाखाली फडक्याची जाड घडी धरली आणि जपून उचलली.

कान हलला नाही.

मी कढई खाली ठेवली आणि कान धरून हलवून पाहिला. तार गेली होती. तिच्या जागी दोन नवे रिव्हेट होते, इतक्या सफाईने ठोकलेले की बोट फिरवलं तरी टोचत नव्हते.

"रमा! अगं, हा कान बघ! हा कुणी बसवला?" मी ओरडले. सगळं स्वयंपाकघर माझ्याकडे पाहू लागलं. उत्तर मलाच कळलं होतं.

मी तशीच ॲप्रन घालून रस्ता ओलांडला, तीन जिने चढले आणि हेंकरावांची घंटा वाजवली. धापा टाकत इंग्रजीत विचारलं, "कढईचा कान तुम्ही बसवलात?"

"ढिला होता," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी खांदे उडवले. मग म्हणाले, "मला स्वयंपाक येत नाही. नुसतं भांडं परत द्यायला बरं वाटेना."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी एवढा हिशेब धरून बसले होते आणि त्या माणसाने मला भरलेलं भांडं परत केलं होतं, फक्त मी आत पाहिलं, कानाकडे नाही. मी म्हटलं, "मला तुमचं एक पातेलं हवंय. मोठं. संध्याकाळी शाळेतून घेऊन जा."

त्यांनी फळीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे. "हे तिचं आहे," ते म्हणाले. मग स्टूल घेऊन वर चढले, सगळ्यात मोठं पातेलं काढलं, आणि धूळ पुसून, दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं.

संध्याकाळी पाचपर्यंत सगळं शिजून तयार होतं आणि वर्गात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. नारिंगी चिठ्ठ्या लावलेली भांडी टेबलावर ओळीने वाफाळत होती. बाहेर पाऊस भुरभुरत होता. खेमेन्तेच्या बाई वेळेच्या आधीच आल्या, सायकलवरून, भिजलेल्या. त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि वही काढली. यानेकेबाई टेबलावरची एकच सुरी पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या. रमाने माझा हात धरला होता.

सहाला पहिल्या आजी आल्या. "माझं निळं पातेलं न्यायला आले," त्या दारातूनच म्हणाल्या.

"ते भरलेलं आहे," यानेकेबाई म्हणाल्या. "आम्ही रिकामं परत करत नाही. पण जड आहे, इथेच थोडं हलकं करून न्या."

आजींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पातेल्यात पाहिलं. ते बसले. मग दुसरे आले, मग एमिनेची सगळी मंडळी, मग आपलं पातेलं कुठंय ते विचारणारा एक सुरिनामी बसड्रायव्हर गणवेशातच. घड्याळाप्रमाणे चालणाऱ्या त्या लोकांनी सव्वासहापर्यंत वर्ग भरून टाकला. प्रत्येकजण स्वतःच्या भांड्यामागे बसला होता आणि दुसऱ्याला वाढत होता. फुकट जेवायला कुणीच आलेलं नव्हतं. सगळे यजमान होते. माझा फोडणीचा पाव तिखट आहे असं पुष्कळांनी सांगितलं आणि पुन्हा घेतला.

हेंकराव शेवटी आले. पातेलं भरलेलं पाहून त्यांनी थोडं चाखलं, मग खिशातून पक्कड काढली. शेजारच्या आजींच्या झाकणाची मूठ सैल होती. ती घट्ट केल्यावर दुसऱ्या कोणीतरी आपलं झाकण पुढे सरकवलं.

खेमेन्तेच्या बाई दोनदा जेवल्या. निघताना म्हणाल्या, "मला थोडं घरी नेता आलं असतं तर!"

"पुढच्या बुधवारी पातेलं घेऊन या," यानेकेबाई म्हणाल्या. बाई हसल्या, पण पुढचा बुधवार आहे की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. कागद वर जायचे होते.

नाशिक

निकाल लागायच्या आधीच माझा परतीचा दिवस आला. हेंकराव गॅलरीत निरोप द्यायला उभे होते. त्यांनी बिस्किटांचा निळा डबा माझ्यापुढे धरला. मी शहाणी झाले होते. एक बिस्किट घेतलं आणि धन्यवाद म्हटलं. त्यांनी झाकण लावलं आणि डबाच माझ्या हातात ठेवला. नको म्हणायची चूक मी या वेळी केली नाही.

घरी आल्यावर तो डबा मी आणि यांनी चार दिवसांत संपवला. यांनी तो धुऊन ओट्यावर ठेवला. मी रोज त्याच्याकडे बघायची आणि रमाच्या फोनची वाट पाहायची. मागच्या आठवड्यात फोन आला. खेमेन्तेने ती जागा आणखी एक वर्षासाठी संस्थेला दिली आहे. यानेकेबाई फोनवर रडल्या म्हणे. बुधवारची जेवणं चालू आहेत, आणि वर्गाच्या कोपऱ्यात हेंकराव टेबल मांडून बसतात. वस्तीतली ढिली झाकणं आणि तुटके कान तिथे दुरुस्त होतात.

मला इतका आनंद झाला की यांना हाक मारून मी रमाला फोनवरच सगळं दोनदा सांगायला लावलं. फोन ठेवता ठेवता रमा म्हणाली, "आणि आई, हेंक विचारत होते, त्यांचा डबा कधी परत येणार?"

"असं विचारलं त्यांनी?"

"रोज विचारतात."

दिवाळीनंतर सुलेखाच्या सासूबाई फेल्डहोवनला जाणार आहेत. त्यांच्या बॅगेत एका निळ्या डब्यापुरती जागा मी मागून ठेवली आहे. चकलीची भाजणी कालच दळून आणली.